१२.९ चा ॲलन बोल्ट: टेस्ट रिगला चालतो, मग विमानातल्या ब्रॅकेटला का चालू नये?

भोसरी_टूलरूम यांचा प्रश्न

नमस्कार. भोसरी एमआयडीसीत गेली बारा वर्षे आमचा जिग, फिक्स्चर आणि हायड्रॉलिक ब्लॉक बनवण्याचा छोटा कारखाना आहे. इतक्या वर्षांत ॲलन बोल्ट, म्हणजे डोक्यात षटकोनी खाच असलेला बोल्ट, हा आमच्याकडे विचार करण्याचा विषय कधीच नव्हता. डोक्यावर १२.९ हा ताकदीच्या ग्रेडचा आकडा आणि मेकरची खूण उठवलेली दिसली की माल घ्यायचा, ॲलन की लावून आवळायचा आणि पुढच्या कामाला लागायचे, एवढीच आमची पद्धत होती. आता एकाच ग्राहकाकडून दोन कामे आली आहेत आणि त्यांनी ही पद्धत अपुरी असल्याचे मला जाणवून दिले आहे.

पहिले काम जमिनीवरच्या टेस्ट रिगचे आहे. खाली स्टीलचा बेस, त्यावर ६०६१-टी६ या ग्रेडच्या ॲल्युमिनियमची २५ मिलिमीटर जाडीची प्लेट, आणि ती प्लेट बेसमध्ये टॅप केलेल्या (आटे पाडलेल्या) भोकांत एम१० च्या, म्हणजे १० मिलिमीटर व्यासाच्या, ॲलन बोल्टांनी बसवायची आहे. हायड्रॉलिक सिलिंडरचा झटका थेट या जोडणीवर येतो. ग्राहकाला रिग चकचकीत दिसायला हवा असल्यामुळे काळे बोल्ट नकोत, झिंक प्लेटिंग (जस्ताचा मुलामा) केलेले हवेत, अशी त्यांच्या खरेदी विभागाची सूचना आहे.

दुसरे काम म्हणजे विमानात एक उपकरण बसवण्यासाठी लागणारे ॲल्युमिनियमचे ब्रॅकेट. त्यांच्या ड्रॉइंगवर एनएएस (अमेरिकेतील विमान उद्योगाचे मानक) १३५१ या मालिकेतील दहा नंबरचा, इंचाला ३२ आट्यांचा बोल्ट लिहिलेला असून साहित्य ए-२८६ हा मिश्रधातू आहे. त्याची किंमत आणि मिळण्यास लागणारा वेळ ऐकून आमच्या खरेदीच्या माणसाने सुचवले की, एम५ चा १२.९ बोल्ट ताकदीला यापेक्षा सरस आहे आणि आज संध्याकाळी दारात येऊ शकतो, तर ग्राहकाशी बोलून तोच मंजूर करून घ्यावा.

माझे प्रश्न असे. १२.९ वर झिंक प्लेटिंग करून घेण्यात धोका आहे का? रिगवरचे बोल्ट नेमके किती आवळावेत? आणि अधिक ताकदीचा बोल्ट हातात असताना कमी ताकदीचा महागडा बोल्ट का घ्यायचा, याचे तांत्रिक उत्तर कोणी समजावून सांगेल का? मला ग्राहकासमोर "ड्रॉइंगवर लिहिले आहे म्हणून" एवढेच उत्तर द्यायचे नाही.

मशीन_डिझाइन_पुणे यांचे उत्तर

मी रिगपुरते लिहितो. विमानाच्या कामाचा मला अनुभव नाही आणि तिथे अंदाजाने बोलू नये असे माझे मत आहे.

१२.९ मधला पहिला आकडा १२०० मेगापास्कल ही नाममात्र ताणशक्ती सांगतो आणि ".९" चा अर्थ असा की त्या शक्तीच्या नव्वद टक्क्यांपर्यंत बोल्ट कायमचा लांबत नाही. आयएसओ ८९८-१ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे प्रत्यक्ष किमान ताणशक्ती १२२० मेगापास्कल धरली जाते. ही शक्ती कडकपणातून येते, आणि १२.९ चा कडकपणा ३९ ते ४४ रॉकवेल सी (कडकपणा मोजण्याचे एकक) एवढा असतो. १०.९ चा कडकपणा साधारण ३२ ते ३९ असतो. प्लेटिंगचा सगळा प्रश्न या दोन पट्ट्यांमधल्या सीमेवर उभा आहे. ॲसिडने साफ करताना आणि झिंक चढवताना पोलादात हायड्रोजन शिरतो. मऊ पोलाद तो सहन करते. ३९ रॉकवेलच्या वरचे पोलाद मात्र ताणाखाली राहिले की त्या हायड्रोजनमुळे ठिसूळ होते, आणि बोल्ट आवळताना न तुटता नंतर, काही तासांनी किंवा दोन दिवसांनी तुटतो.

हे मी स्वतः पाहिले आहे. एका हायड्रॉलिक ब्लॉकवर एम१२ चे आठ बोल्ट बसवले होते. मूळ बोल्ट काळे होते, पण गंज येऊ नये म्हणून आम्हीच ते एका प्लेटिंगवाल्याकडून पिवळे झिंक करून आणले होते. संध्याकाळी टॉर्क पान्याने व्यवस्थित आवळले, तेलाचा दाबही दिला नव्हता. सकाळी दार उघडले तर तेलाच्या ट्रेमध्ये दोन डोकी पडलेली होती. डोके जिथे दांड्याला मिळते त्या मानेवरच सरळ काप गेल्यासारखे तुटले होते. बोल्ट कुठेही बारीक झालेला नव्हता आणि तुटलेला भाग साखरेच्या खड्यासारखा चमकत होता. उरलेले सहाही आम्ही काढून टाकले. प्लेटिंगनंतर चार तासांच्या आत १९० ते २३० अंश सेल्सियसला भट्टीत ठेवून हायड्रोजन बाहेर काढायचा असतो. त्या प्लेटिंगवाल्याकडे भट्टीच नव्हती आणि आम्ही विचारलेही नव्हते. चूक आमची होती, कारण त्याला आम्ही बोल्टचा ग्रेड सांगितलाच नव्हता.

म्हणून माझा सल्ला असा की ग्राहकाला पांढरा बोल्ट हवाच असेल, तर कारखान्यातूनच झिंक फ्लेकचा थर देऊन आलेला १२.९ बोल्ट मागवा. तो थर विजेच्या टाकीत चढवत नाहीत, त्यामुळे थरातून हायड्रोजन शिरत नाही. मात्र साफसफाई ॲसिडने न करता शॉट ब्लास्टने केलेली असावी, हे लेखी विचारा. जिओमेट या नावाने हा थर अनेकांना माहीत आहे. तो चकचकीत नसतो, राखाडी रुपेरी दिसतो, तेव्हा एक नमुना आधी ग्राहकाला दाखवा. १०.९ घेऊन भट्टीसह झिंक करून घेणे हा दुसरा मार्ग आहे, पण ॲलन बोल्टमध्ये १०.९ आपल्या बाजारात सहज मिळत नाही. काळा बोल्ट बाजारातून आणून आपण त्यावर प्लेटिंग करून घ्यायची, ही पद्धत तर कायमची बंद करा.

आता आवळण्याबद्दल. एम१० बोल्टचे ताण घेणारे क्षेत्रफळ ५८ चौरस मिलिमीटर. १२.९ साठी प्रमाणित प्रूफ ताण (ज्याखाली बोल्ट कायमचा लांबत नाही तो ताण) ९७० मेगापास्कल, म्हणजे सुमारे ५६ किलोन्यूटन, आणि त्याच्या पाऊणपट घेतले तर बोल्टमध्ये सुमारे ४२ किलोन्यूटनचा ताण बसवायचा आहे. कोरड्या बोल्टसाठी टॉर्कचा गुणांक (ज्यात घर्षणाचा सगळा हिशेब येतो) ०.२ धरल्यास टॉर्क, म्हणजे पान्याने द्यायचा पीळ, ८४ न्यूटन-मीटर येतो. हा आकडा भिंतीवर चिकटवू नका. असेंब्लीवाल्याने सद्भावनेने आट्यांना मॉलिब्डेनमचे ग्रीस लावले, तर गुणांक ०.११ च्या आसपास उतरतो आणि त्याच ८४ वर बोल्टमध्ये जवळजवळ ७६ किलोन्यूटन चढू पाहतात. एम१० चा १२.९ बोल्ट ७१ किलोन्यूटनच्या आसपास तुटतोच. पान्यावर लावलेल्या जोरापैकी साधारण दहावा भागच बोल्ट ताणण्याच्या कामी येतो, बाकी सगळा डोक्याखालच्या आणि आट्यांतल्या घर्षणात जातो. म्हणून कोणते वंगण, किती, कुठे लावायचे हे टॉर्कच्या आकड्याशेजारीच लिहिलेले असले पाहिजे. झिंक फ्लेकचा बोल्ट घेतलात तर त्याचा गुणांक पुरवठादाराकडून घ्या, माझा ०.२ वापरू नका.

तुमच्या प्रश्नात नसलेली, पण मला सर्वांत जास्त काळजी वाटणारी गोष्ट म्हणजे ती ॲल्युमिनियमची प्लेट. एम१० ॲलन बोल्टच्या डोक्याचा व्यास १६ मिलिमीटर, भोक ११ चे. मध्ये उरणारी कडी साधारण १०६ चौरस मिलिमीटर. तिच्यावर ४२ किलोन्यूटन म्हणजे जवळपास ४०० मेगापास्कल, आणि ६०६१-टी६ तर २७६ मेगापास्कलला दबते. आवळताना काही दिसणार नाही. पण डोके हळूहळू प्लेटमध्ये रुतेल, ताण सुटेल आणि महिन्याभरात बोल्ट हाताने फिरेल. मग सगळे बोल्टच्या ग्रेडला दोष देतील. २० मिलिमीटर व्यासाचा, पाणी देऊन कडक केलेला, ३०० विकर्स कडकपणाचा वॉशर खाली घातला की तोच दाब २०० च्या आत येतो. साधा पत्र्याचा वॉशर घालू नका, तो स्वतःच दबतो. स्प्रिंग वॉशर तर अजिबात नको. या ताणाला तो पूर्ण चपटा होतो, आणि आडव्या हादऱ्यात बोल्ट सुटण्यापासून तो वाचवत नाही, हे जर्मनीत गेरहार्ड युंकर यांनी १९६९ मध्ये मांडलेल्या चाचणीपासून माहीत आहे. सुटण्याची भीती असेल तर पाचरी जोडीचे वॉशर किंवा आटे जखडणारे द्रव्य वापरा.

स्टीलच्या बेसमध्ये आटे बोल्टच्या व्यासाच्या सव्वा ते दीडपट खोल मिळाले की पुरे. त्यात अडचण दिसत नाही.

तपासनीस_नाशिक यांचे उत्तर

वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे. माझी नोकरी विमानाच्या सुट्या भागांच्या तपासणीत गेली, म्हणून ब्रॅकेटबद्दल लिहितो. आपण तांत्रिक कारण मागितले आहे, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

ए-२८६ हा लोहाधारित मिश्रधातू आहे. त्यात साधारण २५ टक्के निकेल आणि १५ टक्के क्रोमियम असते. आपल्या ड्रॉइंगवरचा बोल्ट बहुधा १६० केएसआय (चौरस इंचाला हजार पौंड) वर्गाचा असेल, म्हणजे सुमारे ११०० मेगापास्कल. १२.९ पेक्षा आकडा कमी आहे हे आपल्या माणसाचे म्हणणे खरे आहे. पण त्याने एकच रकाना वाचला. ए-२८६ ला गंजापासून वाचण्यासाठी प्लेटिंग लागत नाही, म्हणून वर वर्णन केलेला हायड्रोजनचा धोका मुळातच टळतो. काळ्या १२.९ वरचा तेलाचा थर विमानाच्या पोटात, जिथे प्रत्येक उड्डाणात दंव धरते आणि वितळते, फार दिवस टिकत नाही. आणि गंजलेला कडक बोल्ट पुन्हा त्याच ठिसूळपणाच्या वाटेने जातो, कारण गंजण्याच्या क्रियेतही हायड्रोजन सुटतो. दुसरे कारण तापमानाचे. ॲल्युमिनियम एका अंशाला मीटरमागे सुमारे २३ मायक्रोमीटर प्रसरण पावते, १२.९ चे पोलाद १२ च्या आसपास, ए-२८६ सुमारे साडेसोळा. भर उन्हात धावपट्टीवर आणि नंतर उणे पन्नास अंशांच्या हवेत जाणाऱ्या जोडणीत हा फरक बोल्टमधल्या ताणात थेट उतरतो. थंडीत ॲल्युमिनियम जास्त आखडते आणि पोलादी बोल्ट सैल पडतो. ए-२८६ त्याच्याबरोबर अधिक आखडतो, म्हणून पकड टिकते.

आता एम५ विषयी, आणि हे मला कळकळीने सांगायचे आहे. दहा नंबरच्या बोल्टचा व्यास ४.८२६ मिलिमीटर आणि पिच, म्हणजे दोन आट्यांमधले अंतर, ०.७९४. एम५ चा व्यास ५ आणि पिच ०.८. ट्रेमध्ये शेजारी ठेवले तर अनुभवी माणसालाही डोळ्यांनी फरक सांगता येत नाही. समजा आपण ग्राहकाची परवानगी घेऊन भोकांना एम५ चा टॅप मारला. पाच वर्षांनी दुसऱ्या शहरातल्या हँगरमध्ये कोणीतरी तो ब्रॅकेट उघडेल. त्याच्या खणात दहा नंबरचे बोल्ट असतील, कारण त्या विमानात सगळीकडे तेच आहेत. तो बोल्ट एम५ च्या भोकात हाताने शेवटपर्यंत जातो. थोडा ढिला वाटतो, पण जातो. आटे एकमेकांना पुरते धरत नाहीत आणि कोणाला काही कळत नाही.

ही कल्पनेतली भीती नाही. १० जून १९९० रोजी बर्मिंगहॅमहून मालागाला निघालेल्या ब्रिटिश एअरवेजच्या ५३९० क्रमांकाच्या उड्डाणात, सुमारे १७,३०० फुटांवर, वैमानिकासमोरची काच निखळून गेली. कॅप्टन टिम लँकेस्टर अर्धे बाहेर ओढले गेले. सहकाऱ्यांनी त्यांना पाय धरून ठेवले आणि सहवैमानिकाने विमान साउथॅम्प्टनला उतरवले. कॅप्टन वाचले. काच आदल्या दिवशीच्या पाळीत बदलली होती. ९० बोल्टांपैकी ८४ बोल्ट हवे होते त्यापेक्षा ०.०२६ इंचाने, म्हणजे दोन तृतीयांश मिलिमीटरने बारीक निघाले, आणि उरलेले सहा व्यासाला बरोबर पण लांबीला कमी होते. लागणारा बोल्ट दहा नंबरचा, ३२ आट्यांचा होता. बसवलेला आठ नंबरचा, तोही ३२ आट्यांचा. पिच एकच असल्यामुळे तो नटात शिरला. ज्याने ते बसवले तो निष्काळजी माणूस नव्हता. त्याने जुना बोल्ट हातात धरून त्याच्याशी जुळणारा बोल्ट खणातून निवडला होता, म्हणजे आपण सगळे रोज जे करतो तेच. ते बोल्ट ॲलन प्रकारचे नव्हते, पण चूक नेमकी तीच होती.

म्हणून विमानाच्या कामात आपण बोल्ट निवडत नाही. निवड डिझाइन करणाऱ्या अधिकृत संस्थेने केलेली असते आणि ती बदलण्याचा अधिकार तिच्याकडेच असतो. आपला ग्राहक तोंडी "हो" म्हणाला तरी त्याचा उपयोग नाही. आपले काम म्हणजे ड्रॉइंगवरचा पूर्ण क्रमांक, त्याच्या पुढच्या अक्षरांसह, जसाच्या तसा मागवणे. एनएएस १३५१ म्हणजे बारीक आटे, एनएएस १३५२ म्हणजे जाड आटे, आणि मागची अक्षरे साहित्य, थर आणि डोक्याला तारेसाठी भोके आहेत की नाहीत हे सांगतात. एक अक्षर सुटले की वेगळाच बोल्ट येतो. डोक्याला सुरक्षा तारेची भोके हवी असतील तर ती पाडलेलाच बोल्ट घ्या. तयार बोल्ट आपल्या ड्रिलवर धरून भोक पाडणे, किंवा डोके लेथवर उतरवणे म्हणजे तो भाग बाद करणे होय. तसेच कॅडमियमचा थर दिलेला कोणताही बोल्ट किंवा हत्यार टायटॅनियमच्या भागाला लागू देऊ नका. आपल्या ब्रॅकेटमध्ये टायटॅनियम नसेल, तरी त्याच टेबलावर दुसरे काम असू शकते.

आणि कागद. लॉट क्रमांकापासून मूळ धातूच्या हीट क्रमांकापर्यंत (धातू वितळवलेल्या खेपेच्या क्रमांकापर्यंत) साखळी अखंड हवी. अमेरिकेत १९८० च्या दशकात खोट्या खुणांचे बोल्ट इतके पसरले की १९९० मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. सर्टिफिकेट हे त्या बोल्टचे वंशवृक्ष आहे. ते तुटले की बोल्ट कितीही चांगला असो, तो विमानात बसवता येत नाही.

नागदेवी_फास्टनर्स यांचे उत्तर

मी मुंबईच्या नागदेवी भागात तीस वर्षे हाच माल विकतो, म्हणून दुकानदाराच्या बाजूने दोन गोष्टी प्रामाणिकपणे सांगतो.

सुटा माल घेताना आमच्याकडून जे टेस्ट सर्टिफिकेट मिळते, ते बहुतेक वेळा त्या मेकरच्या कोणत्यातरी लॉटचे असते. आपल्या पिशवीतल्या बोल्टांचेच असेल असे नाही. रिगसाठी सीलबंद डबा घ्या, डब्यावरचा लॉट क्रमांक सर्टिफिकेटवर आहे का ते दुकानातच पाहा, आणि लॉटमधले चार-पाच नग एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत कडकपणा आणि ताण चाचणीसाठी द्या. खर्च रिगच्या किमतीपुढे काहीच नाही. एम५ आणि त्यापुढच्या ॲलन बोल्टवर ग्रेड आणि मेकरची खूण दोन्ही असायलाच हवीत. नुसते १२.९ असेल आणि मेकर नसेल, तर माल परत करा.

दुसरे असे की चकचकीतपणासाठी पुष्कळ ग्राहक शेवटी स्टेनलेसकडे वळतात. ए२-७० या स्टेनलेस ग्रेडचा बोल्ट ४५० मेगापास्कललाच कायमचा लांबू लागतो, १२.९ मात्र ११०० पर्यंत टिकतो. ४२ किलोन्यूटनसाठी काढलेल्या जोडणीत तो बसवला तर पहिल्याच आवळणीत तो लांबेल. शिवाय कोरडा आवळला तर स्टेनलेस आटे एकमेकांत चिकटून बसतात आणि मग बोल्ट कापूनच काढावा लागतो. दिसायला सुबक म्हणून बटण हेडही, म्हणजे बुटक्या, गोलसर डोक्याचा बोल्टही, सुचवला जातो. त्याच्या डोक्यावर आकड्याआधी शून्य असते, ०१२.९ असे. ते शून्य सांगते की डोक्याच्या आकारामुळे हा बोल्ट पूर्ण भार घेऊ शकत नाही. अनेक गिऱ्हाइकांना ते शून्य दिसतच नाही.

भोसरी_टूलरूम

तिघांचेही मनापासून आभार. एम५ चा विषय मी आज सकाळीच बंद केला आणि ब्रॅकेटचे बोल्ट ग्राहकानेच त्यांच्या मंजूर पुरवठादाराकडून, कागदपत्रांसह आम्हाला द्यावेत असे लेखी कळवले. रिगसाठी झिंक फ्लेकचे नमुने मागवले आहेत. एकच शंका उरते. चाचणीच्या वेळी रिग दोन-तीनदा उघडावा लागेल. तेच बोल्ट पुन्हा वापरता येतील का?

मशीन_डिझाइन_पुणे

प्रूफ ताणाच्या पाऊणपट आत आवळलेला बोल्ट लांबलेला नसतो, त्यामुळे तत्त्वतः पुन्हा वापरता येतो. पण प्रत्येक आवळणीत थर घासला जातो आणि घर्षण बदलते, म्हणून तोच टॉर्क देऊनही ताण वेगळा बसतो. मी असे करीन की चाचणीच्या फेऱ्यांना एक संच वापरीन आणि ग्राहकाकडे पाठवताना सगळे नवे बोल्ट घालीन. जुन्या संचातला प्रत्येक बोल्ट नव्याच्या शेजारी ठेवून व्हर्नियरने लांबी पाहा, आणि नवा नट हाताने आट्यांवरून शेवटपर्यंत फिरवून पाहा. जिथे नट अडतो तिथे बोल्ट ताणला गेला आहे, तो सरळ भंगारात टाका. ॲलन कीची खाच गोल झालेला बोल्टही ठेवू नका, कारण पुढच्या वेळी की घसरेल आणि टॉर्क पूर्ण बसणार नाही.

तपासनीस_नाशिक

आपण घेतलेला निर्णय योग्य आहे. एक विनंती आहे. ब्रॅकेटच्या भोकांना टॅप मारायला घेण्याआधी दहा नंबर, ३२ आट्यांचा गो-नोगो प्लग गेज (भोकातले आटे मापात आहेत का ते तपासायचे साधन) मागवून घ्या आणि ते काम संपेपर्यंत एम५ चे टॅप, गेज आणि बोल्ट त्या टेबलावरून हलवून कुलुपात ठेवा. ग्राहकाकडून आलेले बोल्ट त्यांच्या मूळ पाकिटातच, लॉटच्या चिठ्ठीसह राहू द्या. मोजून वाटीत काढायचे झाले, तर चिठ्ठीही त्याच वाटीत जायला हवी.